कोचबाईंनी विचारलं तेव्हा

जर्मनीतल्या र्युसेल्सहाइमच्या एका चार मजली इमारतीमागे, सायकलींच्या शेडला लागून, सिमेंटचा एक लांबट पट्टा होता. रोज संध्याकाळी त्याच्या एका टोकाला नीता बादली पालथी घालून तिच्यावर बसायची. दुसऱ्या टोकाला तिची मुलगी देवश्री उभी राहायची, हात खांद्यातून गर्रकन पूर्ण फिरवायची आणि कमरेजवळून पिवळा बॉल असा सोडायची, की नीताच्या ग्लोव्हमध्ये फटाका वाजायचा. नीता बॉल परत फेकायची. पुन्हा फटाका. इमारतीची देखभाल करणाऱ्या हाउसमाइस्टरनं आवाजाबद्दल एकदा तक्रार केली, दोनदा केली आणि मग तो स्वतःच खिशात हात घालून बघत उभा राहायला लागला.

हा सॉफ्टबॉल. जर्मनीत फुटबॉलपुढे इतर खेळांना कोण विचारतो? पण नीता मूळची जळगावची, आणि जळगावात शाळेच्या मैदानावर मुली सॉफ्टबॉल खेळतात. नीता शाळेच्या टीमची कॅचर होती. लग्नानंतर ते सगळं माळ्यावर गेलं. नवऱ्याला, म्हणजे पद्माकरला, पुण्याच्या कंपनीनं गिअरबॉक्सच्या कामासाठी इकडे धाडलं आणि मुदत वाढवत वाढवत इथेच ठेवलं. नऊ वर्षांच्या देवश्रीशी शाळेत कुणी बोलेना, म्हणून नीता तिला माइन नदीकाठच्या एका फेराइनमध्ये, म्हणजे तिथल्या क्लबात, घेऊन गेली. तिथे मुली सॉफ्टबॉल खेळत होत्या. नीताच्या डोळ्यांत पाणीच आलं. देवश्रीनं बॉल हातात घेतला आणि तो पुन्हा खाली म्हणून ठेवला नाही.

आता ती अठरा वर्षांची होती आणि आजूबाजूच्या सगळ्या क्लबांत तिच्याइतक्या वेगानं बॉल टाकणारी मुलगी नव्हती. हे मी सांगतोय. नीताला विचारलं असतं तर तिनं सांगितलं नसतं.

कारण मुलीचं कौतुक नीताच्या तोंडातून निघतच नसे. मनात नव्हतं असं नाही, काठोकाठ होतं. पण खालच्या मजल्यावरची फ्राऊ क्लाइन म्हणाली, "काय जोरात टाकते हो तुमची मुलगी," की नीता लगेच म्हणणार, "टाकते ना. आणि जेवल्यावर स्वतःचं ताट उचलायचं म्हटलं की हात दुखतो." आता हे काही नीतानं शोधून काढलेलं नाही. आपल्या पोराला दुसऱ्यानं चांगलं म्हणावं, आपण झटकन त्याचे दोन दोष पुढे करावेत, मग समोरच्यानं "छे हो, गुणाची आहे" म्हणावं आणि आपण आतल्या आत गार व्हावं, ही देवाणघेवाण आपल्याकडे ठरलेली आहे. फ्राऊ क्लाइनला ती कुठली ठाऊक! ती "आख सो," म्हणजे अस्सं का, म्हणून जिना चढायला लागायची. नीताला वाटायचं, या लोकांना बोलायचं वळणच नाही.

शिवाय दृष्टीचं भय होतं. प्रत्येक टुर्निअरच्या, म्हणजे स्पर्धेच्या, आदल्या संध्याकाळी ती देवश्रीवरून मीठ-मोहऱ्या-मिरच्या ओवाळून टाकायची. इलेक्ट्रिकच्या शेगडीवर मिरच्या नीट तडतडत नाहीत, नुसता ठसका उठतो, म्हणून पद्माकर खोकत खोकत खिडक्या उघडत फिरायचा. देवश्री मात्र डोळे मिटून शांत उभी राहायची. तिला ते आवडायचं बहुतेक. मॅच जिंकून आली की नीता म्हणायची, "बरं झालं. पण तिसऱ्या इनिंगला एक बॉल फार वर गेला." तोंडावर वाखाणलं की पोरं शेफारतात, हे तिच्या आईनं तिला सांगितलं होतं, आणि आईच्या आईनं आईला.

दोन हजार नऊ साल उजाडलं ते वाईट. मोटारींचा धंदा बसला. पुण्याच्या कंपनीनं पद्माकरला कळवलं की आता मुदतवाढ नाही, उन्हाळ्यानंतर परत या. देवश्रीची आबिटूअर, म्हणजे इथली बारावीनंतरची मोठी परीक्षा, होत आली होती. तिला घरातलं सगळं मराठी समजायचं, पण उत्तर ती जर्मनमध्ये द्यायची. पुण्यात ती काय करणार, हा प्रश्न कुणी मोठ्यानं विचारत नव्हतं.

तिच्या मनात अमेरिका होती. तिथल्या कॉलेजांत सॉफ्टबॉलच्या टीम असतात आणि चांगल्या खेळाडूला स्कॉलरशिप देऊन नेतात. क्लबची कोच ऊटे हिनं तिच्या बोलिंगची फिल्म काढून कितीतरी कॉलेजांना पाठवली होती. पद्माकरनं एका जेवणाला निकाल देऊन टाकला.

"आल्झो, ऐका दोघी. कॉलेजनं जबाबदारी घेतली, स्कॉलरशिप दिली, तर अमेरिका. मी अडवणार नाही. नाहीतर आपल्याबरोबर पुण्याला यायचं आणि इंजिनिअरिंगला अॅडमिशन घ्यायची. गेनाऊ? बरोबर?"

"गेनाऊ," देवश्री म्हणाली. त्या दिवसापासून ती संध्याकाळच्या सरावाआधी सकाळीही नदीकाठानं पळायला जाऊ लागली. तिला कुणी उठवत नव्हतं. नीता स्वयंपाकघराच्या खिडकीतून तिला जाताना बघायची आणि तिच्या डब्यात एक पोळी जास्त ठेवायची.

कॉलेजांची उत्तरं आली, बहुतेक नकाराची. मग मे महिन्यात ऊटे धावत आली. अमेरिकेच्या मधल्या भागातल्या एका छोट्या कॉलेजची कोच जर्मनीत येत होती. तिचा भाऊ इथल्या अमेरिकन छावणीत नोकरीला होता, त्याला भेटायला. तिच्या टीमची एक पिचर, म्हणजे बॉल टाकणारी, जखमी झाली होती आणि एक जागा रिकामी होती. ती फिंग्स्टनच्या, म्हणजे ईस्टरनंतर येणाऱ्या सणाच्या, सुट्टीतलं मुलींचं टुर्निअर बघायला येणार होती. एक जागा, आणि तीही याच वर्षी.

"घरी कुणाला सांगू नका हं," नीता म्हणाली. घरी म्हणजे पुण्याला आणि जळगावला. ठरण्याआधी बोभाटा झाला की होत नाही, हेही तिला पक्कं माहीत होतं.

टुर्निअरच्या दिवशी मैदानावर ऊन होतं आणि सगळ्या आयांना आळीपाळीनं किओस्कवर, म्हणजे खाण्याच्या टपरीवर, काम होतं. नीता वडे तळत होती. दरवर्षी तिचे वडे सॉसेजच्या आधी संपायचे. कढईतून मान वर केली की तिला पिचरचं वर्तुळ दिसायचं आणि जाळीमागे उभी असलेली कोचबाई दिसायची. उंच, उन्हानं रापलेली, डोक्यावर टोपी, हातात वेग मोजायचं यंत्र.

शेवटची मॅच मानहाइमकडच्या टीमशी होती. त्यांची पिचर स्वेन्या, तीही अमेरिकेला जायला टपलेली. स्वेन्या स्वतः बॅटिंगला आली तेव्हा देवश्रीनं तिला तीन बॉल टाकले. दोन सरळ, आणि तिसरा असा संथ, की स्वेन्यानं बॅट फिरवून संपवली तरी बॉल वाटेतच होता. लोक हसले. देवश्री हसली नाही. अंपायरनं पुढे एक उघड चुकीचा निर्णय दिला तेव्हाही ती काही बोलली नाही, पाठ वळवून फक्त बॉल पुसत राहिली. एका वड्याचा कोळसा झाला, कारण नीता बघत बसली होती. मॅच देवश्रीच्या टीमनं जिंकली.

मुली मैदानावर दाताळं ओढून माती सारखी करत होत्या, तेवढ्यात ऊटे किओस्कपाशी आली. तिचा चेहरा फुलला होता.

"तिला देवश्री आवडलीय. आता तिला आईवडिलांशी बोलायचंय. मुलगी बघितली, आता घर बघायचं, असं म्हणाली. घाबरू नका. नेहमीसारखं बोला."

नेहमीसारखं! ऊटेबाई, तुम्हाला तरी काय माहीत म्हणा.

नीतानं एप्रनला हात पुसले. पद्माकरनं शर्ट खोचला. कोचबाईंनी दोघांशी हात मिळवला आणि बाकावर बसत म्हणाल्या, "तुमच्या मुलीबद्दल सांगा मला. घरी कशी आहे ती? कष्टाळू आहे का?"

आता इथे नीतापुढे दोन रस्ते होते आणि दोन्ही तिला पाठ होते. देवश्रीला बघायला स्थळाकडची माणसं आली असती, तर नीतानं पोहे स्वतः करून "हिनेच केलेत" म्हणून बिनदिक्कत ठोकून दिलं असतं. पण कोचबाई सासरच्या नव्हत्या, गुरू होत्या. आणि मूल गुरूच्या हाती देताना आईबापांनी काय बोलायचं, त्याची रीत वेगळी. नीताच्या वडिलांनी जळगावच्या हेडमास्तरांपुढे तिला उभी करून म्हटलं होतं, "वांड आहे, आता तुम्हीच हिला वळण लावा." हेडमास्तर खूश झाले होते. पदरात मूल घातलं की गुरू ते आपलं मानतो.

तर नीता लाजत, मान जराशी कलती करून, तिच्या इंग्रजीत म्हणाली, "विशेष काही नाही हो. ठीक खेळते. आळशी फार आहे. मागे लागल्याशिवाय काही करायची नाही. आणि राग तर नाकावर."

कोचबाईंचं हसू थोडं थांबलं. "सरावासाठीही मागे लागावं लागतं?"

"रोज!" नीता हसून म्हणाली. "मीच तर बसते ना रोज बॉल पकडायला. आता तुमच्या हाती देतोय. तुमचीच मुलगी समजा. चुकली तर कान धरा."

"आणि खेळ म्हणजे तिची हॉबी आहे," पद्माकरनं भर घातली. आपण हावरे दिसू नये, एवढाच त्याचा हेतू. "स्टडीज फर्स्ट. खेळाचं काय, झालं तर झालं."

एवढं बोलून दोघं थांबले. आता कोचबाई म्हणणार होत्या, "छे हो, हिरा आहे तुमची मुलगी." नीता त्या वाक्यासाठी तयार होऊन बसली होती.

कोचबाई म्हणाल्या, "इतकं प्रामाणिकपणे सांगितल्याबद्दल खरंच आभार. आईवडील सहसा असं बोलत नाहीत."

"किती साधी बाई," कोचबाई गेल्यावर नीता म्हणाली. त्यांच्याबरोबर तिनं वडे बांधून दिले होते. "बघा हं, झालं हे काम."

पुढच्या सरावाला देवश्री एकटीच गेली आणि फार लवकर परतली. तिच्यामागून ऊटे आली होती. देवश्री सरळ आपल्या खोलीत गेली. ऊटे दारातच उभी राहिली, बूटही काढले नाहीत.

"स्वेन्याला घेतलं," ती म्हणाली.

नीताला आधी कळेचना. "पण तिला तर देवश्रीनं..."

"हो, हो. कोच म्हणाली, या दौऱ्यात बघितलेला सगळ्यात चांगला हात देवश्रीचा. पण जागा एकच आहे. आणि तिथे मुलीच्या मागे लागायला कुणी नसतं. म्हणाली, जी आई रोज तिचा बॉल पकडते, तीच सांगते की मुलगी आळशी आहे, रागीट आहे. त्या आईपेक्षा जास्त कुणाला माहीत असणार? स्वेन्याच्या वडिलांनी सांगितलं, आमच्या मुलीसारखी मेहनती मुलगी देशात नाही." ऊटेचा आवाज चढला. "मी तिला म्हटलं, हे खोटं आहे, देवश्री सगळ्यांच्या आधी मैदानावर येते. तिनं मला विचारलं, मग आई असं का म्हणेल? नीता, तू असं का म्हणालीस?"

नीताकडे उत्तर होतं, पण ते जर्मनमध्ये सांगता येण्यासारखं नव्हतं. आणि मराठीत ते कधी कुणाला सांगावंच लागलं नव्हतं.

ती देवश्रीच्या खोलीत गेली. देवश्री पलंगावर भिंतीला टेकून बसली होती. रडत नव्हती. तिनं जर्मनमध्ये विचारलं, "तुला खरंच तसं वाटतं?"

"वेडी आहेस का गं तू? असं म्हणायचं असतं. आपलं आपण कसं चांगलं म्हणायचं? समोरच्यानं म्हणायचं असतं ते. आणि दृष्ट लागते बाळा."

"मला वाटलं, तुला खरंच तसं वाटतं," देवश्री म्हणाली. "मला नेहमीच तसं वाटायचं. तू मला कधीच चांगलं म्हणाली नाहीस. एकदासुद्धा नाही. मला वाटायचं, अजून थोडा जोरात टाकला की म्हणशील."

नीताच्या ओठांशी सगळं आलं. नऊ वर्षांचं आलं. बादलीवर बसून बसून अवघडलेली कंबर, डाव्या तळव्यावरचा कायमचा काळानिळा डाग, आणि बॉल ग्लोव्हमध्ये आदळला की दरवेळी छातीत उठणारा आनंद, तो सगळा. आता म्हणायला हवं होतं. आत्ताच. तिनं तोंड उघडलं आणि म्हणाली, "चल, आधी जेवून घे."

देवश्रीनं मान हलवली आणि भिंतीकडे तोंड केलं.

दुसऱ्या दिवशी नीतानं ऊटेकडून कोचबाईंचा नंबर घेतला. अमेरिकेत ऑफिसची वेळ झाल्यावर तिनं फोन लावला. पद्माकर शेजारी उभा होता. "अहो, तुम्ही मध्ये बोलू नका," असं तिनं त्याला बजावलं आणि मग बांध फुटल्यासारखी बोलत सुटली. देवश्री पहाटे उठते. देवश्रीला कधी सांगावं लागत नाही. तिच्यासारखी मुलगी तुम्हाला शोधून सापडणार नाही. मी म्हणाले ते आमच्याकडे बोलायची पद्धत म्हणून म्हणाले, ते धरू नका. आयुष्यात पहिल्यांदा ती मुलीबद्दल निखळ खरं बोलत होती, आणि तेही परक्या बाईला, परक्या भाषेत.

कोचबाईंनी शांतपणे ऐकून घेतलं. मग त्या म्हणाल्या, "मला तुमच्यासाठी वाईट वाटतं. पण बघा, त्या दिवशी तुम्हाला काही मिळवायचं आहे असं मला वाटलं नव्हतं, म्हणून माझा विश्वास बसला. आज तुम्ही जागेसाठी बोलताय. प्रत्येक आई असंच बोलते. आणि जागा आता दिली गेली आहे." त्या वाईट नव्हत्या. देवश्रीला शुभेच्छा सांगा म्हणाल्या.

पद्माकरनं फोन नीताच्या हातातून घेऊन जागेवर ठेवला. "आपण दोघांनीच केलं हे," तो म्हणाला. मग त्यानं माळ्यावरून रिकामे खोके काढायला घेतले.

संध्याकाळी नीता नेहमीच्या वेळी खाली गेली. बादली पालथी घातली, ग्लोव्ह घातला आणि बसून राहिली. हाउसमाइस्टर आला, थोडा वेळ थांबला, वर खिडकीकडे बघून निघून गेला. देवश्री आली नाही. त्यानंतरही कधी आली नाही. तिनं आपला ग्लोव्ह आणि बॅट क्लबातल्या लहान मुलींना देऊन टाकली. नीतानं का म्हणून विचारलं, तर "पुण्याला वजन होईल," एवढंच म्हणाली.

जायच्या आधीच्या रविवारी जवळच्या एश्बॉर्नला राहणाऱ्या, ओळखीच्या रोहन आणि स्वरूपा या जोडप्यानं त्यांना जेवायला बोलावलं. रोहन तिथल्या एका सॉफ्टवेअर कंपनीत होता. त्याचे आईवडील, राजाभाऊ आणि मनोरमाकाकू, पुण्याहून आले होते. मनोरमाकाकू मोठ्या प्रेमळ. जेवण झाल्यावर त्यांनी देवश्रीला जवळ बसवून घेतलं.

"काय गं, तू इथे काहीतरी खेळायचीस म्हणे? बक्षिसंबिक्षिसं मिळवलीस?"

नीता सवयीनं पुढे सरकली. देवश्री जर्मनमध्ये काहीतरी बोलणार आणि आपण ते मराठीत सांगणार, हे नेहमीचं होतं.

पण देवश्रीनं मान जराशी कलती केली आणि स्वच्छ मराठीत म्हणाली, "विशेष काही नाही हो काकू. ठीक खेळायचे. मी आळशी आहे फार."

मनोरमाकाकूंनी तिच्यावरून हात ओवाळून कानशिलांवर कडाकडा बोटं मोडली. "बघा हो! जर्मनीत वाढली आणि बोलणं किती नम्र! नीता, संस्कार दिसतात हो तुझे."

"नाही काकू," नीता म्हणाली. तिचा आवाज चिरकला. "खोटं बोलतेय ती. फार सुंदर खेळते. तिच्या तोडीची इथे कुणी नव्हती. तिच्याइतकी मेहनत करणारं पोर मी बघितलं नाही."

राजाभाऊ मोठ्यानं हसले. "आईच ती! तिला वाटणारच!" सगळे हसले. स्वरूपानं नीताच्या वाटीत आणखी श्रीखंड वाढलं.

नीतानं देवश्रीकडे बघितलं. देवश्रीनंही तिच्याकडे बघितलं, आणि पाहुण्यांकडे बघून हसावं तसं हसली. तिच्या चेहऱ्यावर राग नव्हता, आनंदही नव्हता. मग ती उठली. कुणी सांगितलं नव्हतं, तरी तिनं आपलं ताट उचललं, आईचं उचललं, सगळ्यांची उचलली आणि आत नेऊन घासायला घेतली.